बोटांखालचं लॉस एंजेलिस

रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' २५ जून १९८२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. पडद्यावर २०१९ सालचं, कल्पनेतलं लॉस एंजेलिस होतं. सतत पडणारा पाऊस, आकाशात आग ओकणारे मनोरे, आणि माणसांत मिसळली तर ओळखू न येणारी, जेमतेम चार वर्षांचं आयुष्य घेऊन आलेली कृत्रिम माणसं. या सगळ्यावर वॅन्जेलिस या ग्रीक संगीतकाराचं सिंथेसायझरवरचं संगीत पसरलेलं होतं. तिकीटबारीवर चित्रपट फारसा चालला नाही. सिंथेसायझर वाजवणाऱ्यांनी मात्र तो कधीच सोडला नाही. त्यावरून सुचलेल्या रचना आजही जगभर तयार होतात.

माझी भाची त्या वाटेवर आहे. ती पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करते आणि उरलेल्या वेळात 'ब्लेड रनर'वरून सुचलेल्या रचनांचा एक संच बांधते. मी हार्मोनियमवाला. उभं आयुष्य गवयांना साथ करण्यात गेलं. पट्ट्यांच्या वाद्यावर बसून दोन सुरांच्या मधली जागा कशी गाठायची, हा प्रश्न तिचाही आहे आणि माझाही. म्हणूनच या संगीताबद्दल आमचं जमत नाही, कारण उत्तरं आम्ही वेगवेगळ्या ठिकाणी शोधतो. तिच्या कामाच्या खोलीत झालेलं आमचं बोलणं इथे देतो. तांत्रिक भाग थोडा सोपा केला आहे. तिचे मुद्दे मात्र कुठेही पातळ केलेले नाहीत.

मी: तुझी पहिली रचना ऐकली. आवाज हुबेहूब आहे. पहिल्या सुराला अंगावर काटा आला. पण मिनिटभरात मन दुसरीकडे गेलं. असं का झालं, हे मी शोधतोय.

ती: हुबेहूब यायला काय करावं लागतं ते आधी ऐक, मामा. त्या आवाजाच्या मुळाशी यामाहाचं सीएस-८० हे वाद्य आहे. १९७७ च्या सुमाराचं. एका वेळी आठ सूर वाजतात आणि प्रत्येक सुराला दोन थर. एक पट्टी दाबलीस की आत दोन आवाज लागतात. ते एकमेकांपासून केसभर सरकवून ठेवायचे, म्हणजे आवाजाला रुंदी येते. मग फिल्टर. सूर लागतो तेव्हा फिल्टर जवळजवळ मिटलेला असतो. तो सावकाश उघडतो, वरचे स्वरांश एकेक करून आत येतात, आणि तुतारीसारख्या पितळी वाद्यांचा ताफा लांबून जवळ येतोय असं वाटायला लागतं. त्यावर लेक्सिकॉन २२४ या यंत्राचा घुमारा. तेही त्याच काळातलं, १९७८ चं. एवढं सगळं मी लॅपटॉपमध्ये उभं केलंय. तू 'आवाज हुबेहूब आहे' असं सहज म्हणालास, पण तो आवाज हीच माझी रचना आहे.

मी: तुझी मेहनत मला दिसते. पण तुझ्या रचनेत चार सूर एकत्र लागले की चारही एकाच मापाने फुगतात आणि एकाच मापाने ओसरतात. वॅन्जेलिसचं तसं होत नाही. त्याच्या सुरावटीत एक सूर पुढे येतो, बाकीचे तिथेच राहतात. मग तो मागे जातो, दुसरा उजळतो.

ती: पॉलिफोनिक आफ्टरटच. पट्टी दाबल्यावर बोट तिथेच ठेवून आणखी दाब दिला की फक्त तेवढाच सूर बदलतो. सीएस-८० वर प्रत्येक पट्टीला ते वेगळं होतं. माझ्या कीबोर्डवर दाब सगळ्या पट्ट्यांना मिळून एकच आहे. एका बोटाने दाबलं तरी चारही सूर हलतात.

मी: हे दुखणं माझ्या पेटीचंही आहे. पेटीचा भाता एकच असतो. जोर दिला की जेवढ्या पट्ट्या खाली असतील तेवढे सूर एकदम मोठे होतात. गंधार तेवढा उजळायचा आणि षड्ज मागे ठेवायचा, हे पेटीवर करता येत नाही. करायचं असेल तर एक बोट उचलावं लागतं. वॅन्जेलिसच्या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली स्वतःचा भाता होता, असं समज. मग त्या माणसाने दहा बोटांत काय काय केलं असेल!

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, म्हणून संवाद थोडा थांबवतो. सीएस-८० हे वाद्य शंभर किलोच्या आसपास वजनाचं. ते हलवायला माणसं लागत. हवा तापली की त्याचे सूर सरकत. स्वतः केलेले आवाज साठवायला त्यात चारच जागा होत्या, आणि त्या जागा म्हणजे एका झाकणाखाली बसवलेल्या, मुख्य नियंत्रण-पटलाच्या चिमुकल्या प्रतिकृती. तिथल्या बारीक दांड्या बोटाच्या टोकाने सरकवायच्या. पण पट्ट्यांच्या वर एक लांब फीत होती. तिच्यावर बोट ठेवून सरकवलं की सूर तिथून सरकत जायचा, पायरी न घेता. आम्ही जिला मींड म्हणतो तीच ही. आपल्याकडे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, तेव्हा तक्रार हीच होती की या पेटीला मींड नाही, श्रुती नाहीत. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. ज्या उणिवांपायी माझ्या वाद्याला तीस वर्षं दाराबाहेर बसावं लागलं त्यांचं, आणि एकाच भात्याच्या दुखण्याचंही, उत्तर या जपानी वाद्यात शेजारी शेजारी होतं. भात्याचं उत्तर पट्टीखाली आणि मींडेचं पट्टीच्या वर.

ती: पण मग तू माझंच बोलतोयस. वाद्य महत्त्वाचं. ते मिळत नाही. मिळालं तर दुरुस्त करणारा मिळत नाही. म्हणून मी सॉफ्टवेअर वापरते, आणि प्रत्येक सुराचा चढउतार पडद्यावर माउसने रेषा काढून देते. पहिल्या रचनेत तो आळस केला असेन. तो भरून काढता येईल.

मी: रेषा नंतर काढलेली असते. सूर वाजून गेलेला असतो आणि तू त्याला वळण देतेस. वॅन्जेलिस लंडनमध्ये मार्बल आर्चजवळच्या आपल्या नेमो स्टुडिओत बसायचा. चित्रपटाचे तुकडे टेपवर यायचे, ते समोर चालू ठेवायचे आणि वाजवायला सुरुवात करायची. त्याला स्वरलिपी लिहिता-वाचता येत नव्हती. समोरच्या दृश्यात उडती गाडी वळली की हात वळायचा. पुढचं दृश्य त्याला ठाऊक असेल, पण पुढचा सूर तो त्या क्षणी ठरवत होता. माझ्या मते या संगीताचा जीव तिथे आहे. गवयाच्या मागे बसून साथ करताना मला जे करावं लागतं तेच तो पडद्यासमोर बसून करत होता. पुढच्याने काय घेतलं ते ऐकायचं आणि त्याच्या सावलीत आपला सूर ठेवायचा.

ती: म्हणजे हात खरा, आणि आवाज नुसता कपडा?

मी: असं म्हणत नाही.

ती: तुझ्या बोलण्यातून तेच निघतं. मग एक उदाहरण घे. १९८२ मध्ये वॅन्जेलिसची मूळ तबकडी बाजारात आलीच नाही. तिच्या जागी न्यू अमेरिकन ऑर्केस्ट्राने वाजवलेली आवृत्ती आली. सूर तेच, चाली त्याच, वाजवणारी माणसं हाडामांसाची, हातही खरे. मूळ संगीत अधिकृतपणे मिळायला १९९४ उजाडलं. लोक बारा वर्षं थांबले. का थांबले? सूर तर मिळाले होते. त्यांना तो आवाज हवा होता. त्या संगीतात चाल फार थोडी आहे. लांबलेला एक सूर, त्याचा पोत, तो विरत जाणं, याचीच रचना आहे. तू ज्याला कपडा म्हणतोस तेच तिथे अंग आहे.

हा तिचा सर्वांत जोरकस मुद्दा होता, आणि तो मला मान्य आहे. ख्यालात आपण राग नोटेशनने ओळखत नाही. मारवा आणि पुरिया यांचे सूर कागदावर तेच, पण लावताना दोन वेगळे राग. सूर कसा लागला यातच रागाचं रूप असतं. मग सिंथेसायझरच्या आवाजाला रचना म्हणायला मी का कचरावं?

मी: ऑर्केस्ट्राचं पटलं. पण त्या आवृत्तीत आवाजाबरोबर हातही बदलला होता. एका माणसाने पडद्याकडे बघत दिलेला दाब अनेक माणसांत वाटला गेला, आणि त्यांच्यासमोर लिहिलेले कागद होते. म्हणून कशामुळे काय हरवलं, हे त्या उदाहरणावरून वेगळं काढता येणार नाही. 'ब्लेड रनर ब्लूज' घे. जवळजवळ नऊ मिनिटांची रचना. खाली सुरावट जागची हलत नाही, वर एकच आवाज भटकतोय. तो सुराच्या थोडा खाली सुरू होतो, वर चढतो, पोचल्यावर थरथरतो, कधी पोचतच नाही. एखादा गवई मंद्रात आलाप करताना जसा सुराच्या दारात रेंगाळतो, तसं. आवाज त्या वाद्याचा आहे, पण रेंगाळणं त्या माणसाचं. तुझ्या रचनेत मला वाद्य सापडलं. रेंगाळणारं कुणी सापडलं नाही.

ती: चालेल. आता तुझ्या दुसऱ्या म्हणण्याकडे येते. दृश्य बघत वाजवलं म्हणून ते जिवंत झालं, असं तू म्हणतोस. 'मेमरीज ऑफ ग्रीन' तुला आवडते ना?

मी: फार. पियानो थोडा बिघडलेला वाटतो आणि मागे कुठलं तरी यंत्र टुकटुक करत राहतं.

ती: ती रचना या चित्रपटासाठी केलेलीच नाही. १९८० च्या 'सी यू लेटर' या त्याच्या तबकडीवर ती आधीच होती. चित्रपटात ती नंतर आली. तिथे पडदा समोर नव्हता, दृश्य नव्हतं, उडती गाडी नव्हती. तरी चित्रपटातला सर्वांत हळवा भाग तोच, असं तूच म्हणतोस.

मी: ही रचना तुझ्या बाजूने साक्ष देते असं मला वाटत नाही. वॅन्जेलिसने स्वतःच्या घरातून एक वस्तू आणून त्या शहरात ठेवली. ती त्या चित्रपटासारखी दिसावी म्हणून घडवलेली नव्हती. ती त्याची होती, आणि चित्रपटाने तिला जागा दिली. तू उलट्या दिशेने निघालीस. आवाज तिथला, पाऊस तिथला, घुमारा तिथला. तुझ्या घरातून त्या शहरात काय गेलं?

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने माझ्याच अंगणातला मुद्दा काढला.

ती: नक्कल करू नकोस, असं तू कधीपासून सांगायला लागलास? लहानपणी मला समोर बसवून एकच पलटा शंभरदा म्हणायला लावायचास. आधी गुरूची गायकी गळ्यावर चढवायची, मग स्वतःचं बघायचं, असं तूच शिकवलंस. घराणं म्हणजे दुसरं काय? मी वॅन्जेलिसचं घराणं गिरवतेय, असं समज.

मी: घराण्यात नक्कल असते, पण ती गुरूसमोर बसून असते. गुरू चुकीच्या जागी थांबवतो, 'असं नाही, असं' म्हणून पुन्हा लावून दाखवतो. शिष्य सुराबरोबर सुराकडे जाण्याची वाट शिकतो. श्वास कुठे घेतला, मान कुठे वळली, हेही त्यात येतं. तुझ्या हातात आहे ते पोचलेल्या सुराचं चित्र. लांबून, तेही चाळीस वर्षांनी. त्यावरून वाट काढायची तर तो बसला होता तसं बसावं लागेल. दृश्य लावायचं, त्याचा आवाज बंद करायचा, एक वाद्य घ्यायचं आणि एका दमात वाजवायचं. घराणं गिरवायचं तर ही बैठक गिरव. आवाजाची जुळवाजुळव त्यानंतर.

ती: आणि जिथे बैठकच नाही, पट्ट्याही नाहीत, तिथे काय करशील? तार्कोव्स्कीचा 'सोलारिस' तू मला दाखवलास.

'सोलारिस' १९७२ चा. स्तानिस्वाव लेमच्या १९६१ च्या कादंबरीवरचा. पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये मी तो पहिल्यांदा पाहिला, आणि बाहेर आल्यावर मोटारींचा आवाजसुद्धा वेगळा ऐकू येत होता. त्यातल्या बाखच्या ऑर्गनवरच्या रचनेबद्दल सगळे बोलतात. पण चित्रपटभर जे अस्वस्थ गुंजत राहतं ते एदुआर्द आर्तेमियेवचं काम. तार्कोव्स्कीने त्याला सांगितलं होतं की मला संगीतकार नको, आवाजांची मांडणी करणारा माणूस हवा. भाचीने पुढे जे सांगितलं ते मला नवं होतं.

ती: आर्तेमियेवने एएनएस नावाचं यंत्र वापरलं. येवगेनी मुर्झिन या सोव्हिएत अभियंत्याने १९३८ पासून त्याची आखणी केली आणि ते पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीला पुरं झालं. अलेक्सांद्र निकोलायेविच स्क्रियाबिन या संगीतकाराच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं. त्याला पट्ट्या नाहीत. काचेच्या पाच तबकड्या फिरतात. प्रत्येकीवर १४४ वर्तुळाकार रेघोट्या, म्हणजे एकूण ७२० शुद्ध सूर, प्रत्येक सप्तकात ७२. समोर काचेची मोठी पाटी, तिच्यावर काळा, न वाळणारा लेप. त्या लेपात टोकदार वस्तूने रेषा ओरखडायच्या. जिथे लेप निघतो तिथून प्रकाश जातो, आणि तेवढेच सूर वाजतात. बारीक रेष म्हणजे एक सूर, जाड पट्टा म्हणजे सुरांचा ढग. पाटी सरकते तसं संगीत पुढे जातं. यात बोटाचा दाब कुठे आहे? त्या क्षणी सूर ठरवणं कुठे आहे? संगीतकार चित्र काढतो आणि यंत्र ते वाचतं. मी माउसने रेषा काढते ती याहून वेगळी कशी? 'सोलारिस'च्या समुद्राला जीव नाही, असं तू म्हणणार आहेस का?

मी: नाही म्हणणार. त्या समुद्राला जीव आहे.

ती: मग?

मी: मग हात पट्टीवरच हवा, हा हट्ट मी सोडतो. पण त्या पाटीकडे नीट बघ. तिच्यात सप्तकाला बारा पायऱ्या नाहीत, बहात्तर आहेत. चाल वाजवायला ती अवघड, ढग काढायला सोपी. आर्तेमियेवने तिला चाल मागितली नाही. तिच्यात जे होतं तेच त्याने घेतलं, आणि ते नेमकं त्या समुद्राचं रूप निघालं. वॅन्जेलिसच्या वाद्यात दाब होता, फीत होती, म्हणून त्याचं संगीत फुगतं आणि घसरतं. दोघांनीही आपल्या यंत्राचा स्वभाव ओळखून काम केलं. तुझ्या लॅपटॉपमध्ये सगळंच करता येतं. त्याने तुझ्या हाताला अजून एकदाही अडवलेलं नाही.

ती: अडवायलाच हवं असं नाही. 'ब्लेड रनर २०४९' आला २०१७ मध्ये. हान्स झिमर आणि बेंजामिन वॉलफिश यांनी पुन्हा सीएस-८० चाच आवाज घेतला, शेवटी जुनी 'टियर्स इन रेन'ची सुरावटही आणली. तिथे कुणी नक्कल म्हणालं नाही.

मी: तो त्याच गोष्टीचा पुढचा भाग होता. घर तेच, तर दरवाजाही तोच असणार. तुझ्यावर ते बंधन नाही.

यानंतर मी तिला चरणजित सिंग यांच्याबद्दल सांगितलं, कारण या वादात त्यांचं नाव यायलाच हवं. 'ब्लेड रनर' आला त्याच १९८२ मध्ये मुंबईत, हिंदी चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या या वादकाने 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी केली. वाद्यं तीन, तिन्ही रोलँड कंपनीची: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. शेवटचं बेस गिटारची जागा भरायला बनवलेलं छोटं यंत्र. त्यात एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जायची सोय होती. पुढे शिकागोत त्याच यंत्राच्या घसरत्या आवाजावर अ‍ॅसिड हाउस नावाचं नृत्यसंगीत उभं राहिलं. सिंग यांनी त्याआधी काही वर्षं ती घसर रागाच्या मींडेसाठी वापरली होती. त्यांची तबकडी तेव्हा खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगाने ऐकली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तर १९६९ मध्येच मूग सिंथेसायझर आला होता, आणि तिथे तेव्हा केलेल्या ध्वनिफितींत 'स्पेस लायनर २००१' नावाची रचना आहे. कुब्रिकचा '२००१' हा चित्रपट येऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. विज्ञानपट आणि सिंथेसायझर यांची सांगड आपल्याकडे पहिल्यांदा घालणारी माझी भाची नव्हे, आणि आधीच्यांनी आपलं काही ना काही त्यात आणलं होतं.

ती: मला वाटलं होतं, तू मला राग वापरायला सांगशील. तेच मला नको आहे. सिंथवर तंबोरा घालायचा आणि त्याला भारतीय म्हणायचं, हे खूप झालंय. मला भारतीय रचना करायची नाहीये. मला तो पाऊस आणि ते एकटेपण हवंय.

मी: मी तंबोरा घाल म्हणालो नाही. तुझ्या कानात आधीपासून काय आहे, एवढंच विचारतोय.

ती: आर्तेमियेव तंबोऱ्यापाशी गेला होता, तेही माहीत आहे मला. 'स्टॉकर'मध्ये, १९७९ ला. भारतीय संगीतातल्या अखंड आधारस्वराची कल्पना घेऊन त्यावर अझरबैजानी 'तार' वाजवून घेतलं आणि सगळं सिंथेसायझरमधून काढलं. पण तो परका होता, त्याला ते नवं होतं. माझ्यासाठी ते घरातलं आहे. घरातल्या गोष्टीला हात लावायला मला भीती वाटते. चुकलं तर तुझ्यासारखे लोक ऐकणार.

हे ती प्रामाणिकपणे बोलली आणि मला ते लागलं. परक्याच्या संगीतात लपायला जागा असते. वॅन्जेलिसच्या आवाजात कुणी तिचा निषाद तपासणार नव्हतं.

त्या दिवशी आमचं एवढ्यावरच थांबलं. पुढे तिने एक चांगली गोष्ट केली. प्रत्येक पट्टीला वेगळा दाब समजणारा कीबोर्ड मिळवला. आता ती सोय फार दुर्मीळ राहिलेली नाही. हायड्रासिंथसारख्या २०१९ नंतरच्या वाद्यांत ती आहे, आणि प्रत्येक सुराचा दाब नि घसर वेगळी पाठवणारी एमपीई ही पद्धत २०१८ पासून मिडीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या भाषेच्या, प्रमाणांत आली आहे. मग तिने चित्रपटात कृत्रिम माणसं बनवणाऱ्या टायरेलच्या दालनातलं दृश्य निवडलं. उंच खांब, खिडकीत मावळतीचा सूर्य, आणि रेचेल ही आपण माणूस आहोत अशा समजुतीत प्रश्नांना उत्तरं देत बसलेली. भाचीने दृश्याचा आवाज बंद केला आणि एका हाताने वाजवत गेली.

जे निघालं त्यात मारवा होता. तिने तो ठरवून लावला नव्हता. सूर्यास्ताचं दृश्य समोर, लहानपणी शेकडो संध्याकाळी ऐकलेला राग कानात. पंचम नाही, षड्जावर विसावा नाही, कोमल ऋषभ पुन्हा पुन्हा दारापर्यंत येऊन मागे वळणारा. स्वतःला माणूस समजणारी आणि माणूस नसलेली मुलगी. तिला षड्ज कुठला मिळणार? तंबोरा भाचीने घातला नाही. खाली पितळी आवाजाचा निषाद धरला आहे आणि बोटाच्या दाबाने तोच कधी जवळ येतो, कधी लांब जातो.

ती: तरी पहिली रचना मी काढणार नाही, मामा. तो आवाज मला स्वतःला घडवता आला, हे मला त्यात ऐकू येतं. तुला नसेल येत.

मी: ठेव. पण क्रमात मागे ठेव.

ती: पहिलीच राहणार. माणूस त्या चित्रपटात ज्या दारातून शिरतो ते दार तेच आहे.

संच तिच्या म्हणण्याप्रमाणेच लागला आहे. हुबेहूब रचना पहिली, मारव्याची चौथी. माझ्या मते चौथीत एक संगीतकार आहे आणि पहिलीत एक उत्तम कारागीर. आवाज हीच रचना असते हे तिचं म्हणणं मी अर्ध्याहून जास्त मान्य करतो. पण त्या आवाजावर कुणाचं तरी बोट जड झालेलं ऐकू आलं पाहिजे, इथून मी हलणार नाही.

ज्यांच्या घरी सिंथेसायझर आहे आणि ज्यांना या चित्रपटाने कधी झोपू दिलं नाही, त्यांना एक विनंती. वॅन्जेलिसचा पॅच, म्हणजे त्याच्या आवाजाची तयार जुळणी, शोधण्याआधी 'ब्लेड रनर ब्लूज' हेडफोन लावून पूर्ण ऐका, वरचा एकच आवाज धरून ऐका. मग चित्रपटातलं तुम्हाला आवडणारं एक दृश्य मुकं करा आणि त्यासमोर साध्यात साध्या आवाजात एका दमात वाजवा. काय निघालं ते मला ऐकायला आवडेल.